पावणेतीनची पाळी

बाजारातले लोक तिला काटेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ती निरीक्षक होती. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानांतून हिंडायचं, काट्यावर एकेक वजन ठेवायचं, आकडा जुळला तर शिक्का मारायचा, नाही जुळला तर काटा जप्त करायचा, हे काम तिने सव्वीस वर्षं केलं होतं. जास्त दाखवणारा काटा आणि कमी दाखवणारा काटा, दोन्ही तिच्या लेखी सारखेच नालायक. दुकानदार गयावया करायचे, "बाई, दोन ग्रॅमचाच तर फरक आहे." ती म्हणायची, "मग दोन ग्रॅम सोडून उरलेल्या काट्यावर शिक्का मारू का?"

तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. जमिनीपासून चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात बसून, जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या गाड्यांवर ठेवायचे. खालची माणसं त्याला 'वरचा' म्हणत. "वरच्याच्या मनात असेल तर जेवायच्या आत जहाज रिकामं होईल," असले विनोद रोज चालायचे. एका बाबतीत मात्र तो खरोखरच वरच्यासारखा होता: मागेल त्याला द्यायचा. कुणाचं पोर आजारी, कुणाची पाठ धरलेली, कुणाला गावी जायचंय, की त्याची पाळी वरच्याच्या गळ्यात. मुकादम सरळ सांगायचा, "आधी वरच्याला विचारा. त्याला नाही म्हणता येत नाही."

तो घोरायचा, आणि असातसा नाही. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, इथे झोप लागत नाही गं, फार शांत आहे." तिघं पोट धरून हसले होते. पण काटेबाईला घोरण्याचा त्रास कधी झालाच नव्हता. तिला त्रास व्हायचा तो घोरणं मध्येच तुटायचं तेव्हा. आवाज एकदम कापल्यासारखा बंद. ती अंधारात आकडे मोजत पडायची. पंधरा, वीस, तीस. मग बुडालेला माणूस पाण्यावर यावा तसा तो मोठ्ठा श्वास ओढायचा आणि गाडी पुन्हा सुरू. कुणी विचारलंच असतं तर सांगितलं असतं तिने, की गेली कित्येक वर्षं आपण झोपत नाही, मोजतो.

एका दुपारी, ऐन कामात, वरच्याच्या क्रेनचा कंटेनर हवेत थांबला. खाली सहा माणसं. मुकादम वॉकीटॉकीवर ओरडत होता, वरून उत्तर नाही. चार मिनिटांनी कंटेनर हलला. वरच्याला वाटलं होतं, आपण फक्त डोळे मिटून उघडले.

झोपेच्या डॉक्टरांनी एक रात्र त्याला तारा लावून झोपवलं आणि सकाळी कागद पुढे ठेवला. "तासाला एकसष्ट वेळा तुमचा श्वास थांबतो," ते म्हणाले. "आता तीन महिने मशीन लावून झोपायचं. मास्कमधून हवेचा दाब येतो, घसा मिटत नाही. रात्री चार तास तरी लागलंच पाहिजे. किती तास लावलं ते मशीन स्वतःच नोंदवतं, त्यामुळे मला फसवायचा विचार नको. नोंद बरोबर आली की मी सही करतो. तोपर्यंत क्रेनवर पाय ठेवायचा नाही."

वरच्याने कागदाची घडी करून खिशात घातली. जिने उतरताना काटेबाईला म्हणाला, "मी खाली काय करू गं?"

दुसऱ्या दिवशी मशीनवाली आली. पंचविशीतली, हसतमुख, चटचट बोलणारी मुलगी. पावाच्या डब्याएवढं मशीन, त्याला वळ्यावळ्यांची लवचीक नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि डोक्यामागून जाणारे पट्टे. तिने ते सगळं पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर मांडलं. पलंगाची डावी बाजू वरच्याची होती. त्या बाजूला पलंग आणि भिंत यांच्यात एक माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ होती, ती सरळ खोलीच्या दारापर्यंत जायची.

"सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटतं," मुलगी म्हणाली. "समोरून कुणीतरी तोंडावर फुंकतंय असंही वाटतं. ते सगळ्यांनाच होतं, काका. घाबरायचं नाही."

पहिल्या रात्री वरच्याने अकरा मिनिटं मास्क ठेवला. दुसऱ्या रात्री सात. तिसऱ्या रात्री तो उठून स्वयंपाकघरात जाऊन बसला. "माझ्याच्याने नाही व्हायचं," तो म्हणाला. "चाळीस मीटरवर वादळात बसलोय मी, कधी छातीत धडधडलं नाही. हे तोंडाला लावलं की मेल्यासारखं होतं."

काटेबाईने चहा टाकला. "नवा काटा आणला की दुकानदार पहिल्या दिवशी हेच म्हणतो," ती म्हणाली. "हा चालायचा नाही. मी त्याला सांगते, आठ दिवस वापर, मग बोल. उद्यापासून दिवसा सराव."

दुसऱ्या दिवशी तिने आधी स्वतः मास्क लावला. आरशात पाहिलं. "अगदी हत्तीण दिसतेय," ती नाकातून म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तो हसला. मग त्याची वेळ. पहिले दोन दिवस मशीन बंद ठेवून नुसता मास्क, खुर्चीत बसून, पेपर वाचता वाचता. मग मशीन चालू, पण बसूनच. मग दुपारी अर्धा तास आडवं होऊन. दाब हळूहळू चढेल अशी सोय मशीनमध्ये होती, ती तिने शोधून काढली. नाक कोरडं पडतं म्हटल्यावर टाकीतल्या पाण्याची ऊब वाढवली. पट्टा गालावर रुतायचा, तिथे जुन्या मऊ बनियनची पट्टी शिवली. सगळं वहीत लिहून: आज बावीस मिनिटं, आज एक्केचाळीस, आज एक तास दहा. तो कुरकुरायचा, ती ऐकायची नाही. पंधराव्या रात्री तो मास्कसकट झोपला.

तिने कान देऊन ऐकलं. घोरणं नाही. तुटणं नाही. भरतीच्या पाण्यासारखा एकसारखा येणारा-जाणारा श्वास. आपण रडतोय हे तिला उशी ओली झाल्यावर कळलं.

सकाळी जाग आली तर मास्क निघालेला, उशीवर व्यवस्थित ठेवलेला, आणि वरचा पुन्हा जुन्यासारखा घोरत होता. असू दे, तिने मनात म्हटलं, सुरुवातीचे तीन-चार तास तरी झाले असतील. तिने मशीनवरची आकडे दाखवणारी छोटी पट्टी पाहिली. सात तास चाळीस मिनिटं.

"बघ!" वरचा खूश झाला. "सात तास! उगाच रडत होतो."

"पण मास्क तर तुमच्या तोंडावर नव्हता."

"उठताना काढला असेन मी."

रोज तसंच. रोज मास्क उशीवर, पट्टे सरळ करून ठेवलेले, आणि पट्टीवर सात तास, साडेसात तास. पण वरच्याचे डोळे सुजलेले, दुपारी पेपर वाचताना मान पडायची. काटेबाईला हे पटेना. तिने एका दुपारी मशीन चालू करून मास्क उशीवर तसाच ठेवून पाहिला. मोकळ्या मास्कमधून हवा इतक्या जोरात सुटली की खोलीभर फसफस झाली, आणि पट्टीवर एका मिनिटाचीही नोंद झाली नाही. म्हणजे मशीन बरोबर होतं. मास्क कुणाच्या तरी तोंडावर घट्ट बसल्याशिवाय ते मोजतच नव्हतं.

तिने मशीनवालीला फोन केला. मुलगी आली, तपासलं, काही सापडलं नाही, तरी दुसरं मशीन देऊन गेली. दुसऱ्याही मशीनने पहिल्या सकाळी सात तास दाखवले. वरच्याची मान त्या दिवशी जेवता जेवता पडली.

त्या रात्री काटेबाई झोपली नाही. तिने त्याच्या बोटाला रक्तातला प्राणवायू दाखवणारा चिमटा लावला आणि आपल्या बाजूला, उशीला टेकून, उघड्या डोळ्यांनी बसली.

साडेअकरा. साडेबारा. श्वास एकसारखा. चिमट्यावर शहाण्णव. दीड. दोन. रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा पट्टा भिंतीवर स्थिर. पावणेतीनला वरचा उठून बसला.

डोळे मिटलेले. त्याने दोन्ही हातांनी पट्टे सोडवले, अगदी सावकाश, एखाद्याला अंगावरचा कोट काढून द्यावा तसे. मास्क हातात धरला आणि डावीकडे, भिंतीच्या बोळीत, वर करून पुढे केला. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"घे," तो म्हणाला. "तुझी पाळी."

मास्कमधून हवा फसफसत सुटली होती. ती फसफस एकदम थांबली.

मग त्याने हात खाली घेतला, मास्क उशीवर ठेवला आणि आडवा झाला. मास्क उशीवर पालथा होता, पण फसफस नव्हती. मशीन शांत चाललं होतं. आणि नळीतून श्वास ऐकू येत होता. फार लांब, फार सावकाश. कितीतरी दिवस तहानलेला माणूस पाणी पितो तसा.

शेजारी वरच्याचं घोरणं तुटलं. ती मोजू लागली. तीस. चाळीस. पंचावन्न. चिमट्यावर नव्वद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर.

तिने वाकून मास्क उचलला. तो लगेच आला नाही. गुळगुळीत फरशीवर चिकटलेलं रबर ओढून काढावं तसा चट् आवाज झाला, मग सुटला, आणि फसफस पुन्हा सुरू झाली. तिने तो वरच्याच्या तोंडावर दाबून धरला. त्याने श्वास घेतला. पाच मिनिटांनी त्याचे हात पुन्हा वर आले आणि तिच्या मुठीतून मास्क काढून घेऊ लागले. जबरदस्तीने नाही. समजावल्यासारखे.

पहाटेपर्यंत तिने तो अकरा वेळा परत बसवला.

पुढच्या रात्री तिने पट्ट्यांना गाठ मारली; गाठ सुटली. त्याच्या पुढच्या रात्री ती स्वतः डाव्या बाजूला, भिंतीकडे झोपली. पावणेतीनला त्याने तिच्या अंगावरून हात लांब करून मास्क पुढे केला. एकदा तर तिने रिकाम्या बोळीकडे बघून, बाजारातल्या कडक आवाजात सांगितलं, "इथे काही मिळणार नाही. चला." काही झालं नाही. तिचा आवाज तेवढा तिला स्वतःला परका वाटला. श्वास थांबण्याचे आकडे मात्र रोज वाढत होते. साठ सेकंद. सत्तर. पंच्याऐंशी.

शेवटी एका सकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. वही पुढे ठेवली. वेळा, सेकंद, चिमट्याचे आकडे.

वरच्याने वही वाचली. मग कप पुढे ओढला. "मला वाटलं स्वप्न आहे," तो म्हणाला. "कुणीतरी येऊन उभं राहतं. चेहरा दिसत नाही. पण फार दमलेलं असतं गं. श्वास लागलेला असतो. काही बोलत नाही, नुसतं बघतं. आणि मी इकडे मजेत हवा खात पडलेलो. नाही म्हणवत नाही."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय, मी सांभाळून घेतो." बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते वाक्य ऐकू आलं. बंदरावर बावीस वर्षं तो हेच वाक्य बोलत आला होता.

मग तो हळूच म्हणाला, "नोंद तर सात तासांची होतेय. डॉक्टर सही करतील. एकदा वर गेलो की बघू पुढचं पुढे."

काटेबाईने वही मिटली. तिला किती हवं होतं की त्याने पुन्हा वर जावं. घरात खाली मान घालून बसणारा हा माणूस तिला बघवत नव्हता. पण ती म्हणाली, "खोट्या काट्यावर तोललेला माल मी कधी सोडला नाही, नवराही सोडणार नाही. तुमच्या हुकाखाली माणसं उभी असतात."

"हं."

"आणि माझं ऐका. मास्क मी धरून ठेवून उपयोग नाही. मागणारा कोण ते मला ठाऊक नाही, पण देणारे तुम्ही आहात. तुम्हीच नाही म्हणायला हवं."

"झोपेत?"

"मास्क झोपेत लावायला कसे शिकलात? दिवसा सराव करून."

दुसरा सराव पहिल्यापेक्षा अवघड निघाला. मास्कची भीती दोन आठवड्यांची होती, ही सवय पन्नास वर्षांची. ती म्हणायची, "तुमच्या हातातला चहा मला द्या." तो द्यायचा. "अहो! नाही म्हणायचं होतं!" "अगं, पण तू मागितलास ना." पुन्हा. "खिडकीजवळची खुर्ची द्या." तो उठायचा, मग आठवण येऊन परत बसायचा आणि एवढासा आवाज काढायचा, "नाही." "हे नाही झालं, हे शिंकणं झालं. पुन्हा." तिने पेपर मागितला, पांघरूण मागितलं, एकदा तर त्याच्या पायातला एक मोजा मागितला. "नाही!" तो गरजला, आणि दोघं इतके हसले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं.

आठव्या दिवशी मुकादमाचा फोन आला. वरचा रजेवर असला तरी रविवारी येऊन नव्या माणसाला कागदपत्रं समजावील का? काटेबाई दारात उभी राहून ऐकत होती. वरच्याच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही," तो म्हणाला. मग घाईने, "नाही जमणार." आणि तिकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण फोन ठेवताना तो गोंधळलेला दिसत होता. "रागावला नाही गं. बरं म्हणाला. नुसतं बरं म्हणाला!"

उरला शेवटचा सराव. दुपारी, मास्क लावून, मशीन चालू करून, डोळे मिटून त्याने पडायचं, आणि तिने बोळीत, त्या जागी उभं राहून मागायचं. काटेबाई भिंत आणि पलंग यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. लख्ख दुपार होती, रस्त्यावर गाड्यांचे आवाज होते. ती म्हणाली, "फार दमलेय. थोडा वेळ द्या ना." तिला म्हणायचं होतं त्यापेक्षा ते जास्त खरं निघालं. वरच्याच्या पापण्या थरथरल्या. हात छातीपर्यंत वर आले.

"नाही," तो मास्कमधून म्हणाला. "आता माझी पाळी आहे."

ती झटकन बोळीतून बाहेर आली.

त्या रात्री दोघं लवकर जेवले. साडेदहाला त्याने स्वतःच्या हाताने मास्क बसवला, पट्टे ओढले, तिच्याकडे बघून अंगठा दाखवला. तिने चिमटा लावला आणि उशीला टेकून बसली. तिने स्वतःशी ठरवलं होतं, काही झालं तरी हात लावायचा नाही. आकडा सत्तरच्या खाली गेला तरच.

दीड.

दोन.

अडीचला रस्त्यावरचा दिवा एकदा मिचमिचला आणि लागला.

पावणेतीनला वरचा उठून बसला.

त्याचे हात पट्ट्यांकडे गेले. बोटं बकलावर थांबली. त्याने मान डावीकडे वळवली, मिटल्या डोळ्यांनी वर बघितलं, आणि चेहऱ्यावर तोच ओशाळलेला भाव आला, बंदरावर कुणी पाळी मागितली की यायचा तो. काटेबाईने पांघरूण दोन्ही मुठींत धरलं.

बकल सुटल्याचा आवाज झाला. एक.

तिने ओठ दाबले. म्हणा, ती मनात ओरडत होती, म्हणा ना हो.

दुसऱ्या बकलावर बोटं आली. खोलीतली हवा जड झाली होती, बंद लिफ्टमध्ये होते तशी. मास्क एका बाजूने सैल होऊन फसफसू लागला.

मग फसफस कमी झाली. अजून मास्क त्याच्याच तोंडावर होता. पण बाहेरून कुणीतरी तोंड जवळ आणावं तशी फसफस कमी होत चालली.

"नाही," वरचा म्हणाला.

आवाज बारीक होता. शिंकेसारखा.

त्याची छाती एकदा वरखाली झाली.

"नाही!" तो म्हणाला, आणि हा आवाज मोज्याच्या वेळचा होता, छतापर्यंत जाणारा. "नाही देणार. दमला असशील. मीही दमलोय. पावणेतीनची पाळी माझीच आहे, सहाचीही माझी, उद्याचीही माझी. जा."

त्याने सुटलेलं बकल खटकन लावलं.

खोलीत कुणी काहीच बोललं नाही, आणि तरी कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखी शांतता पसरली. मग बोळीत, भिंतीलगत, कपड्याला कपडा घासावा तसा आवाज पलंगापासून दाराकडे गेला. बराच वेळ जात राहिला.

वरचा आडवा झाला. चिमट्यावर त्र्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. काटेबाईने मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे कधी गेली ते तिला आठवत नाही, कारण ती झोपली होती.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. वरचा अजून झोपलेला, मास्क तोंडावर, तोंडाच्या कडेला बनियनची पट्टी. मशीनच्या पट्टीवरचा आकडा सात तास पाच मिनिटं होता, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट खरं होतं. तिने वहीत लिहिलं, आणि सव्वीस वर्षांची सवय म्हणून, आकड्याभोवती शिक्क्यासारखा गोल काढला.

त्यानंतर सलग साठ रात्री तो गोल पडत गेला. मास्क एकदाही निघाला नाही. वरच्याच्या डोळ्यांखालची सूज उतरली, दुपारचं डुलकणं गेलं, पायऱ्या चढताना तो शीळ घालू लागला. डॉक्टरांनी कागद पाहिले, चष्मा वर केला. "एकसष्टवरून दोनावर. काय केलंत काय?" "सराव," काटेबाई म्हणाली. त्यांनी सही केली, आणि ती सही वाळेपर्यंत वरच्याने कागद हातात धरून ठेवला.

कामावर परतायच्या दिवशी तिने रजा टाकली आणि बंदराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वरचा लिफ्टने वर जाताना लहान लहान होत गेला आणि काचेच्या खोक्यात ठिपका होऊन बसला. हूक खाली आला, निळा कंटेनर उचलला गेला, वाऱ्यात जरासा डोलला, स्थिरावला, आणि गाडीवर टेकला. आवाज झालाच नाही. गाडीच्या चालकाने खिडकीतून मान काढून मागे बघितलं, खरंच ठेवला की नाही ते. खालची माणसं टाळ्या वाजवू लागली. मुकादम वॉकीटॉकीत ओरडला, "वरचा आला रे!" आणि वरून, भोंग्यातून, फाटकापर्यंत ऐकू येईल असं उत्तर आलं, "आलो! पण जादा पाळी मागू नका!"

काटेबाई भर रस्त्यात मोठ्याने हसली. लोक बघत होते. बघू देत.

त्या आनंदात त्यांनी झोपायची खोली रंगवायला काढली. पिवळा रंग, वरच्याच्या पसंतीचा. रंगारी म्हातारा, कमी बोलणारा, कामात चोख. त्याने पलंग खोलीच्या मधोमध ओढला, खिडक्या झाकल्या आणि एक हातदिवा भिंतीला चिकटवून तिरपा धरला. "असा उजेड टाकला की भिंतीतले सगळे खड्डे-उंचवटे दिसतात, बाई. समोरून पाहून काही कळत नाही."

वरचा स्वयंपाकघरात गात होता. काटेबाई रंगाचे डबे मोजत होती.

"पाहुणे फार येतात का तुमच्याकडे?" रंगाऱ्याने विचारलं.

"नाही. का?"

त्याने दिवा बोळीच्या भिंतीवरून हळूहळू सरकवला. दवाखान्यात बाकांमागच्या भिंतीवर डोकी टेकून टेकून पडतात तसे डाग होते. गोल, करडे, तेलकट. पण हे उभ्याने टेकलेले होते. काही तिच्या डोक्याच्या उंचीवर, काही जरा वर, काही खाली. पहिला पलंगाच्या डोक्यापाशी, मग हातभर सोडून दुसरा, मग तिसरा. सारख्या अंतराने, एकामागे एक, रांगेत उभं राहिल्यासारखे, थेट दारापर्यंत. तिने नकळत मोजले. सतरा.

"जुने आहेत," रंगारी भिंतीवर बोट फिरवत म्हणाला. "सुकलेत. दोन हात जास्त मारले की जातील." तो दारापाशी पोचला, थांबला, आणि बोट पॅंटला पुसलं. "हा तेवढा ताजा दिसतोय."

काटेबाईने डबा खाली ठेवला, दारापाशी गेली आणि डागावर तळहात टेकवला.

भिंत ओली होती, आणि कोमट.